ऑइलचा डबा वाचायला शिका!

दिवाळीत माझं पुतण्याशी वाजलं. वाजलं म्हणजे काय, तो बिचारा "काका, ऐका तर" म्हणत होता आणि माझाच आवाज चढत होता. आमची ही आतून ओरडली, "अहो, सणासुदीला कसलं भांडताय?" आता काय सांगू तिला? इंजिन ऑइलवरून!

झालं होतं असं. माझ्याकडे १९९६ साली घेतलेली शंभर सीसीची मोटारसायकल आहे. आदिवासी भागातल्या शाळेवर होतो तेव्हा घेतली. तिच्यावरून मी पावसाळ्यात चिखल तुडवला, निवडणुकीच्या ड्युट्या केल्या, पेपरांचे गठ्ठे वाहिले. निवृत्त मी झालो, ती अजून नाही. चिंचवडहून आलेल्या पुतण्याने त्याच्या नव्या मोटारीतून उरलेला ऑइलचा डबा मला प्रेमाने दिला. "काका, फुल्ली सिंथेटिक आहे, परदेशी. तुमची गाडी लोण्यासारखी पळेल." मीही मोहात पडलो. एका गॅरेजवाल्याने काही न विचारता, न बघता ते गाडीत ओतलं.

चार दिवसांनी आम्ही दोघं भीमाशंकरला निघालो. मंचर, घोडेगाव, डिंभ्यापर्यंत ठीक. पोखरी घाटाची चढण लागली आणि इंजिन बोंबलायला लागलं, पण गाडी काही चढेना! ॲक्सिलरेटर पिळावा तेवढा आवाज वाढतो, वेग नाही. क्लच घसरत होता. मागून एसटी हॉर्न देतेय, ही मागे बसलेली, एका बाजूला दरी. शेवटी तिला उतरवलं आणि गाडी ढकलत बाजूला घेतली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने घाटात मोटारसायकल ढकलावी, हे काही शोभेचं दृश्य नव्हे.

परत आल्यावर माझा एक जुना विद्यार्थी आहे, तीस वर्षं मेकॅनिकी करतोय, त्याच्याकडे गेलो. त्याने डबा मागवला, उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला, "गुरुजी, हे मोटारीचं आहे. तुम्हीच आम्हाला सांगायचा ना, प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका म्हणून?" मंडळी, कानशिलात बसावी तसं झालं.

तर आता माझं म्हणणं. जुन्या गाडीला महागडं तेल लागत नाही. तिला तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं साधं, मिनरल तेल लागतं, आणि ते वेळेवर बदलावं लागतं. बस्स.

मोटारीत क्लच कोरडा आणि वेगळा असतो. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या चकत्या इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारीच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. मोटारीला ती चांगली, पण क्लचच्या चकत्या घर्षणावरच चालतात! म्हणून जपानी लोकांनी मोटारसायकलच्या तेलासाठी वेगळं मानक केलं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं असतं. ते नसेल तर डबा परत करा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. २०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. हा 'डब्ल्यू' म्हणजे वजन नव्हे, विंटर, म्हणजे हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितकं तेल कडक थंडीत सहज वाहतं. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांत घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांत. आता सांगा, आपल्या जुन्नर-आंबेगावात उणे ३० कधी झालं? कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात हे खरं, पण पारा एक आकडी झाला की आपल्याकडे बातमी होते. रशियाच्या थंडीसाठी आपण का पैसे मोजायचे? दुसरा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहतं ते सांगतो. झिजलेल्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात. तिथे फार पातळ तेल घातलं तर ते पिस्टनच्या रिंगांवरून वर जाऊन जळतं, सीलमधून पाझरतं, आणि गाडी निळा धूर सोडते.

तिसरी गोष्ट जरा किचकट. जुन्या इंजिनात कॅमवर घासत चालणारे भाग असतात. त्यांची झीज जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक द्रव्य थोपवतं. पण फॉस्फरसने धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून मोटारींच्या पातळ तेलात त्याचं प्रमाण बांधून दिलं गेलं आणि २००४ पासून ते आणखी कमी केलं गेलं. नव्या मोटारीसाठी ते योग्यच. माझ्या १९९६ च्या गाडीला मुळी कन्व्हर्टरच नाही! तिने का म्हणून उपास करायचा?

आता न्यायाने बोललं पाहिजे. सिंथेटिक तेल वाईट नाही. उष्णतेत ते जास्त टिकतं, जास्त दिवस चालतं. ते जुन्या गाडीची सीलं खातं ही समजूतही आता खरी नाही. आणि ज्या बीएस-६ मोटारीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलंय, तिच्यात माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं ऐकून २०डब्ल्यू-५० ओतू नका. माझं भांडण तेलाशी नाहीच. 'महाग ते चांगलं' या बुद्धीशी आहे.

कारण ही बुद्धी कोणाला परवडत नाही ते बघा. पहाटे जुन्या एम-८० ला दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीवर येणारा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट आणणारा, त्याची जीप धाकट्या मुलापेक्षा वयाने मोठी. यांच्या गाड्या थोडंफार तेल पितातच, मधूनमधून भर घालावी लागते. त्यांना दुकानात सांगतात, "जुनी गाडी आहे ना, मग भारीतलंच टाका." दुप्पट पैशाचं घेतलं की जीव तुटतो, मग बदलायचं लांबणीवर पडतं. धुळीचे रस्ते, कार्ब्युरेटरचं इंजिन, आतमध्ये काजळी साचत राहते. अशा इंजिनाला वर्षभर न बदललेल्या भारी तेलापेक्षा वेळच्या वेळी बदललेलं साधं तेल कितीतरी बरं, कारण जुन्या तेलाबरोबर घाणही बाहेर पडते.

आणि एम-८०, चेतकवाल्यांनो, तुमच्या टू-स्ट्रोक गाडीचा हिशोब आणखी वेगळा. तिथे तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळतं. साधारण लिटरला २० मिली, तेही टू-टी तेलच. उरलंय म्हणून फोर-स्ट्रोकचं ओतू नका.

साधं तेल म्हणजे सुटं तेल नव्हे, हेही सांगून ठेवतो. पिंपातून मापाने मिळतं ते स्वस्त नाही, ते इंजिनाचं मरण आहे. सीलबंद डबा घ्या, समोर फोडून घ्या, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच टाका, म्हणजे त्यात कोणी भलतंच भरून विकणार नाही. काढलेलं जळकं ऑइल ओढ्यात ओतू नका. कुकडी, मीना, घोड या नद्यांचं पाणी आपणच पितो. गॅरेजच्या पिंपात द्या, ते पुढे शुद्धीकरणाला जातं.

माझे वडील बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे. गाडीखाली वंगणाची नळी लटकत असे. वंगण कधी घालायचं, किती घालायचं, हे ते चाकाच्या कुरकुरीवरून ओळखायचे. अक्षरओळख बेताची, पण गाडी कशाने चालते ते त्यांना कळत होतं. आम्ही गावोगाव शाळा काढल्या, पोरांना शिकवलं, ती इंजिनिअर झाली. आता त्यांच्या हातात डबा आहे, डब्यावर सगळं छापलेलं आहे, आणि वाचतो कोण? किंमत तेवढी वाचतात. यात दोष पोरांचा कमी, आम्हा मास्तरांचा जास्त असं मला हल्ली वाटतं. मी तरी कुठे वाचला होता तो डबा?

असो. माझ्या गाडीतलं तेल बदललं. विद्यार्थ्याने क्लचप्लेटा काढून पुसल्या, एक बदलली, पैसे घेईना, मी बळेच दिले. परवा पुन्हा पोखरी घाट चढलो, हिला मागे बसवूनच. पुतण्याचा उरलेला डबा सीलबंद करून ठेवलाय. बाळा, पुढच्या वेळी आलास की घेऊन जा. तुझ्या मोटारीला तो अगदी योग्य आहे, मी वाचून खात्री केली आहे.