औषधाच्या खोक्यावरील चौकट आणि दुकानदाराचे बिल

औषधाच्या खोक्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक लहानशी चौकट असते. बहुतेक घरांत तिच्याकडे कोणी पाहत नाही. पट्टी बाहेर निघते आणि खोके केराच्या टोपलीत जाते. पैसे देण्यासाठी दिवसातून दहा वेळा क्यूआर कोड टिपणारा हात औषधाच्या बाबतीत मात्र थबकतो, हे नवलच म्हणावे लागेल.

केंद्र सरकारने १७ नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेने औषध नियमांत ही तरतूद केली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती अमलात आली. अनुसूची एच-२ मध्ये डोलो, कालपोल, शेलकाल, अॅलेग्रा यांसारखी सर्रास खपणारी ३०० औषधे आहेत. त्यांच्या वेष्टनावर, आणि तेथे जागा नसेल तर बाहेरील खोक्यावर, कोड छापणे उत्पादकाला बंधनकारक आहे. मोबाइलने तो टिपला की औषधाचे मूळ व व्यापारी नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, निर्मितीची व मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक आणि उत्पादनाचा ओळख क्रमांक समोर येतो. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे की वनस्पतिजन्य, हे मात्र त्या माहितीत येत नाही. ज्या घरांत हा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यांना तो औषधविक्रेत्याला किंवा कंपनीलाच विचारावा लागतो.

कोड टिपून माहिती दिसली म्हणजे औषध खरेच ठरले, असा समज घातक आहे. नियमाने प्रत्येक खोक्याला स्वतंत्र क्रमांक सक्तीचा केलेला नाही. अस्सल खोक्यावरील चौकट जशीच्या तशी नकली खोक्यावर छापली, तर मोबाइल तीच निर्दोष माहिती वाचून दाखवील. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्याला वेगळा क्रमांक असतो; विक्रीच्या वेळी तो नोंदीतून बाद होतो आणि त्याच क्रमांकाचे दुसरे खोके आले की सूचना मिळते. भारतीय ग्राहकाने म्हणून पडद्यावरील बॅच क्रमांक व तारखा पट्टीवर ठशाने उमटवलेल्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात. आळशी बनावट येथेच उघडी पडते. हुशार बनावट पडत नाही.

तिला अडवणारी जागा दुकानाचा गल्ला हीच आहे. जैन समाजातील अनेक कुटुंबे औषधांच्या घाऊक व किरकोळ व्यापारात आहेत, आणि नेहमीच्या भावापेक्षा बराच स्वस्त माल ‘बिलाचे नंतर पाहू’ म्हणत दाराशी येतो, हा अनुभव या व्यवसायात नवा नाही. बनावट औषधामुळे मृत्यू वा गंभीर इजा झाली, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिवाय किमान १० लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी अधिक ती रक्कम दंड म्हणून भरावी लागते. त्याच कायद्याच्या कलम १९(३) मध्ये प्रामाणिक विक्रेत्याला संरक्षणही दिलेले आहे. माल परवानाधारकाकडून घेतला, दोष वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता आणि माल योग्य रीतीने साठवून त्याच स्थितीत विकला, हे त्याला सिद्ध करता आले पाहिजे. बॅच क्रमांक लिहिलेल्या खरेदीच्या बिलावाचून ते सिद्ध कसे करणार? बिलाविना मिळालेली सूट म्हणजे ते संरक्षण विकून घेतलेले पैसे होत. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दरमहा प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या औषधांची यादी बॅचनिशी प्रसिद्ध करते. ती वाचून फळीवरचा माल तपासणे हे पिढीतील मोबाइलनिपुण मुला-मुलींवर सोपवण्याजोगे काम आहे.

सौंदर्यप्रसाधनांना असा कोड सक्तीचा नाही आणि धोका मात्र खराच आहे. केरळमधील कोट्टक्कल येथे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण डॉक्टरांनी अभ्यासले. त्यांतील १५ जणांत विकाराचा एक विरळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. संशय पाऱ्यावर आहे. तो त्वचेतून रक्तात उतरतो. परदेशी क्रीमच्या डबीवर आयातदाराचे नाव-पत्ता व नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल, तर लग्नघरातील वधूच्या पेटीत ती ठेवू नये, मग ती कोणत्याही नातलगाने आणलेली असो.

औषधाने अपाय झाल्यास तो कळवण्यासाठी गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाचे ‘एडीआर पीव्हीपीआय’ हे अॅप आहे. आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनीही आहे, आणि रुग्णांसाठीचा नमुना अर्ज मराठीतही मिळतो. डॉक्टरांनीच कळवावे असे नाही. रुग्ण किंवा त्याचे घरचेही कळवू शकतात. या नोंदी पुढे स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक संग्रहापर्यंत जातात. औषध बनावट असल्याचा संशय ही वेगळी तक्रार होय. ती महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या क्रमांकावर करावी. दोन्ही ठिकाणी बॅच क्रमांक विचारला जातो. तो बहुधा पट्टीच्या एकाच टोकाला असतो. म्हणून गोळ्या काढताना ते टोक शेवटपर्यंत कापू नये, आणि उरलेली पट्टी, खोके व बिल एकाच पाकिटात ठेवावे.