विकत मिळतं की!

मराठी मध्यमवर्गाचं ब्रीदवाक्य कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन: ‘विकत मिळतं की!’ पापड लाटायला घेतले, विकत मिळतात की. आकाशकंदील करायला घेतला, विकत मिळतो की. आणि बँकेतल्या एखाद्या कारकुनाने मुलुंडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत छोटा लेथ ठेवून त्याच्यासाठी घरच्या घरी गियर कापायला घेतला, तर हे वाक्य एकटं येत नाही. ‘याला कुणाला दाखवलंय का?’ अशी नजरही सोबत येते.

या वाक्याविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी आज रीतसर, तीन प्रतींत दाखल करतो आहे.

लेथ म्हणजे आडवं केलेलं कुंभाराचं चाक समजा. मातीऐवजी लोखंड फिरतं आणि बोटांऐवजी टूल त्याला आकार देतं. माझा लेथ जुन्या घराण्यातला, इंचातला. त्याच्या लीडस्क्रूला इंचाला आठ आटे. बाजारातले नट-बोल्ट मात्र आता मिलिमीटरचे. म्हणजे सासू इंचात बोलणार, सून मिलिमीटरमध्ये, आणि मध्ये दुभाषी हवा. हा दुभाषी म्हणजे गियर.

किती दात्यांचा? शिंप्याची टेप घ्या. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. दोन्हीकडचे पूर्ण आकडे पहिल्यांदा समोरासमोर येतात ते ५० इंचांवर. तिथे पलीकडे लिहिलेलं असतं १२७. म्हणून १२७ दात्यांचा गियर हवा. ४० दात्यांच्या गियरने तो फिरवला की माझ्या लेथवर बरोबर एक मिलिमीटरचा आटा पडतो. पण १२७ ही मूळ संख्या. कशानेच भाग जात नाही, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखी. शिवाय एवढं मोठं चाक छोट्या लेथच्या पोटात मावतही नाही.

त्यावर जुन्या कारागिरांनी तोडगा काढून ठेवला आहे: ६३ दाते. ६३, ८०, २० आणि ५० अशी जुळणी केली की मिलिमीटरचा आटा पडतो आणि मीटरभर लांबीत चूक येते मिलिमीटरचा आठवा भाग. तीन सेंटिमीटरच्या बोल्टमध्ये ती केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. बँकवाल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तेव्हा आण्याचे सव्वासहा पैसे झाले. सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? मग सहा धरले आणि देश चालला. ६३ दात्यांचा गियर म्हणजे तोच हिशेब, पितळेत.

आता हे ६३ भाग सारखे पाडायचे कसे? साधारण ४० सेंटिमीटर व्यासाची प्लायवूडची चकती करायची आणि तिच्या कडेला टेपचा १२६ सेंटिमीटरचा तुकडा नेमका गुंडाळायचा. दर दोन सेंटिमीटरला एक दाता. चकती लेथच्या मागच्या टोकाला बसवायची, खुणेवर अडकवायची, आणि टूल पुढेमागे करून पितळेत एकेक खाच पाडायची. चकती गियरच्या सहापट, म्हणून टेपवरची मिलिमीटरची चूक दात्यावर सहावा हिस्सा होऊन उतरते. टेप सौभाग्यवतींच्या शिलाई मशीनच्या खणातली होती. त्या चर्चेचं इतिवृत्त इथे देत नाही.

तर मंडळी विचारतात, ‘तुम्ही बँकेत ना? मग हे कशाला?’ या प्रश्नात सगळा रोग आहे. लेखणी धरणारा हात वेगळा, कानस धरणारा वेगळा, आणि हाताला तेल लागलं की प्रतिष्ठेला डाग पडतो! नळ दुरुस्त करायला येणाऱ्याला आपण ‘अरे’ म्हणतो आणि नळ दुरुस्त न येणाऱ्याला ‘साहेब’. ज्याला काम येतं तो खालचा, ज्याला येत नाही तो वरचा, असा हा अजब ताळेबंद आहे. आमच्या ऑडिटरने तो पाच मिनिटांत नापास केला असता.

आणि कारकुनाने यंत्राच्या वाटेला जाऊ नये, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? शंकर आबाजी भिसे मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीला होते. त्या माणसाने पुढे छपाईचे टाइप ओतणारं यंत्र काढलं आणि सातासमुद्रापलीकडे नाव केलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९०३ साली लोखंडी नांगर केला. तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासते. ‘लाकडी नांगर मिळतो की!’ असंही कुणी म्हणालं असणारच. लक्ष्मणरावांनी ते मनावर घेतलं असतं, तर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली नसती. मी काही मुलुंडवाडी वसवणार नाही, काळजी नसावी. मला फक्त माझा बोल्ट माझ्या नटात बसायला हवा आहे.

दुसरा आक्षेप आवाजाचा. माझा लेथ रविवारी अकरा ते एक चालतो आणि त्याचा आवाज शेजारच्या मिक्सरपेक्षा कमी आहे. तिसऱ्या मजल्यावर सहा महिने लादी कापणारं यंत्र किंचाळत होतं. तेव्हा कुणी तक्रार केली नाही, कारण ते ‘इंटिरिअर’ होतं. म्हणजे आपल्याला आवाजाचं वावडं नाही, वावडं आहे ते स्वतः काही करण्याच्या आवाजाचं.

हा आवाज एकेकाळी या उपनगरांचा श्वास होता. मुलुंड-भांडुपपासून घाटकोपरपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेला कारखाने होते, तिकडे मरोळ आणि साकीनाक्याला गाळ्यागाळ्यात लेथ फिरत होते. कारखाने गेले, मॉल आणि टॉवर आले. जागा गेल्याचं दुःख सगळे करतात. पण त्या जागेत जो टर्नर कानाने ओळखायचा की टूल बोथट झालं, त्याचं कसब कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. ते कसब मात्र विकत मिळत नाही. नागदेवी स्ट्रीटवर मी विचारून पाहिलं, पितळ मिळालं.

आमच्या इमारतीत सात इंजिनिअर राहतात. सातही हुशार, सातही सज्जन. परवा एकाच्या मुलाच्या सायकलचा बोल्ट तुटला. दुकानदार म्हणाला, ‘हा साइज येत नाही, नवी सायकल घ्या.’ मुलगा माझ्याकडे आला. दीड तास तो माझ्या शेजारी उभा राहून आटे पडताना बघत होता. त्या दीड तासात त्याने एकदाही मोबाइल काढला नाही. बोल्ट बसला. जाताना त्याने विचारलं, ‘काका, मला शिकवाल?’

त्याच्या वडिलांचा संध्याकाळी फोन आला. म्हणाले, ‘थँक्यू हं, पण उगाच कशाला त्रास घेतलात? नवी घेणारच होतो.’

मी त्यांना म्हटलं, ‘सायकल घ्या हो नवी, जरूर घ्या. मुलगा तेवढा रविवारी अकरा वाजता पाठवा. जुने कपडे घालून.’