चौथी गोळी आणि पहिल्या तीन

अलीकडे एक नवें पुराण निघालें आहे. महात्माजींना तीन नव्हे, चार गोळ्या लागल्या, आणि ती चौथी गोळी नथुराम गोडशाची नव्हती, दुसऱ्याच कोणाची तरी होती, असें तें पुराण. कोणी म्हणतो विलायती हेरखात्याची, कोणी म्हणतो खुद्द दिल्लीच्या गादीवर बसलेल्यांची. पूर्वीं असलीं पुराणें सांगावयास गांवांत पुराणिक यावा लागे, त्याला शिधा आणि दक्षणा द्यावी लागे. आतां तीं हातांतल्या फोनवर फुकट येतात, आणि आमचा शेतकरी, सुतार, लोहार, साळी, कोष्टी भाऊ गिरणीवर दळण होईपर्यंत तीं वाचतो व चार जणांस पुढें धाडून देतो. वाचावें, आमची हरकत नाहीं. पण सत्यशोधक म्हणविणाऱ्यांच्या घरांत एखादी गोष्ट शिरूं पाहते, तेव्हां तिला उंबऱ्यावरच उभी करून तूं कोण, कोठून आलीस, आणि तुला कोणीं धाडलें, एवढें तरी विचारावें कीं नाहीं?

आम्ही विचारतों. ३० जानेवारी १९४८ रोजीं सायंकाळीं ५ वाजून १७ मिनिटांनीं बिर्ला भवनाच्या बागेंत महात्माजी प्रार्थनेस चालले असतां त्यांचा खून झाला. त्याच सायंकाळीं तुघलक रोडच्या पोलीस ठाण्यांत फिर्याद लिहिली गेली. ती उर्दूंत आहे. जो माणूस जवळ चालत होता, नंदलाल मेहता, त्यानें ती दिली. तींत तीन गोळ्या लिहिल्या आहेत. पुढें लाल किल्ल्यांत न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढें खटला उभा राहिला. फिर्यादी पक्षाचे १४९ साक्षीदार तपासले गेले. आरोपींच्या बाजूनें नामांकित वकील उभे होते. त्यांपैकीं कोणासही चौथी गोळी सांपडली नाहीं. अहो, ज्यांचें अशील फांसावर जाण्याच्या बेतांत होतें, त्यांना दुसरा मारेकरी सांपडता तर त्यांनीं तो सोडला असता काय? आणि खुद्द नथुरामानें तर कोर्टांत उभें राहून गोळ्या मींच झाडल्या, असें छाती पुढें काढून सांगितलें. त्याचे आजचे भक्त त्याच्या तसबिरीला हार घालतात आणि त्याच वेळीं त्याचा शब्दही खोटा पाडतात. मारला कोणीं म्हणून विचारावें तर "आम्ही नाहीं", शूर कोण म्हणून विचारावें तर "आमचाच"! एकाच जिभेनें हीं दोन्ही वाक्यें बोलावयाचीं म्हणजे जीभ कांहीं निराळ्याच घडणीची पाहिजे.

तरीही मुंबईच्या एका गृहस्थांनीं ही चौथी गोळी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. न्यायालयानें २०१७ सालीं हें प्रकरण पाहण्यासाठीं एक ज्येष्ठ वकील न्यायमित्र म्हणून नेमला. त्यानें जुने कागद चाळले आणि सांगितलें कीं, गोळ्या कोणत्या, पिस्तूल कोणतें, मारणारा कोण आणि कट कोणाचा, हें सर्व पूर्वींच ठरलेलें आहे. फेरतपासास कांहीं आधार नाहीं. २८ मार्च २०१८ रोजीं अर्ज फेटाळला गेला. अर्ज फेटाळला गेल्याची बातमी मात्र फोनवरून फिरत नाहीं. फिरते ती गोळीच.

या गोळीचा उपयोग काय, हें आमच्या वाचकांनीं ओळखलें पाहिजे. चौथी गोळी शोधण्यांत माणूस गुंतला कीं पहिल्या तिन्हींचा विसर पडतो. त्या तीन कोणत्या छापखान्यांत, कोणत्या बैठकींत, कोणत्या शिकवणींत तयार झाल्या, हें मग कोणी विचारीत नाहीं. चोर घरांतलाच असला म्हणजे परड्यांत पावलें उमटवून ठेवण्याची रीत जुनी आहे.

दुसरें पुराण पंचावन्न कोटींचें. तें याहून जुनें आणि जास्त पसरलेलें. गांधीजींनीं उपोषण करून पाकिस्तानास पंचावन्न कोट रुपये देवविले, म्हणून एका देशभक्ताचें रक्त खवळलें, असें हें पुराण सांगतें. या पैशाची हकीकत शेतकऱ्याला समजावून देण्यास पंडित लागत नाहीं. दोघे भाऊ वेगळे निघाले. पंच बसले, रोकड शिलकींतला वाटा ठरला. पाकिस्तानच्या वाट्यास पाऊणशें कोट आले, पैकीं वीस कोट दिले गेले, पंचावन्न राहिले. डिसेंबर १९४७ मध्यें याचा करार झाला. पुढें काश्मिरांत लढाई जुंपली असल्यामुळें हिंदुस्थान सरकारनें ती बाकी अडकवून ठेवली आणि १५ जानेवारी १९४८ रोजीं ती देण्याचें ठरविलें. लढाई चालूं असतां पैसा द्यावा कीं देऊं नये, यावर दोन मतें असूं शकतात, तेव्हांही होतीं. पण उपोषण सोडतांना १८ जानेवारीस दिल्लीच्या पुढाऱ्यांकडून ज्या सात अटी गांधीजींनीं कबूल करून घेतल्या, त्यांत पैशाची अट एकही नाहीं. दिल्लींतल्या मुसलमानांचे जीव, त्यांच्या मशिदी, त्यांचा धंदा, यांविषयीं त्या होत्या.

आणि समजा, पैशाचें सर्व खरें धरलें, तरी एक हिशेब उरतोच. २५ जून १९३४ रोजीं पुण्यांत नगरपालिकेच्या समारंभास गांधीजी निघाले असतां त्यांची समजून एका मोटारीवर बाँब टाकण्यांत आला. मोटार दुसरी होती, म्हणून ते वांचले. इतर माणसें जखमी झालीं. टाकणारा आजतागायत सांपडला नाहीं. १९३४ सालीं पाकिस्तान कोठें होतें? पंचावन्न कोट कोठें होते? त्या वर्षीं गांधीजी काय करीत हिंडत होते, हें पाहिलें म्हणजे पुरे. ते अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर होते. देवळें उघडा, विहिरी उघडा, असें गांवोगांव सांगत होते. बाँबच्या दोनच महिने आधीं बिहारांत जसीडीह येथें सनातन्यांनीं त्यांच्या मोटारीवर काठ्या घातल्या होत्या. गांधीजींनीं वर्णाश्रमाची केलेली भलामण आम्हांस कधींच पटली नाहीं, आणि पुणें कराराच्या वेळीं डॉ. आंबेडकरांवर त्यांच्या उपोषणाचें जें दडपण आलें, तेंही आम्ही विसरलों नाहीं. पण आम्हांस ते जेथें थोडे वाटले, तेथेंच दुसऱ्या कोणास ते फार वाटत होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बाँब टाकणारा कोण हें ठाऊक नसतां त्याची जात व पक्ष आम्ही सांगणार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, पंचावन्न कोटींचें कारण चौदा वर्षें अगोदर उगवूं शकत नाहीं.

आतां आमच्याच पारावरचें पुराण घेऊं. तें आम्हांस गोड लागतें, म्हणून त्याची झडती अधिक कडक घेतली पाहिजे. "सगळ्या बामणांनीं मिळून मारला" असें अजून कित्येक जण बोलतात. लाल किल्ल्यांत आरोपी आठ होते. त्यांत मदनलाल पाहवा हा फाळणींत घरदार गमावलेला पंजाबी निर्वासित होता, आणि शंकर किस्तय्या हा सोलापूरकडचा गरीब नोकर. आरोपींतले पुष्कळसे ब्राह्मण होते हें खरें, ज्या विचारानें ते पेटले त्याचें पाणी पेशवाईच्या आडांतलें होतें हेंही खरें, आणि तें आम्ही उघड बोलतों. पण एका जातीच्या लाखो माणसांना, त्यांच्या म्हाताऱ्यांना, पोराबाळांना त्या कटांत कोणीं बसविलें? पंढरपूरचें देऊळ अस्पृश्यांना उघडावें म्हणून मे १९४७ मध्यें प्राण पणास लावणारे साने गुरुजी कोणत्या जातीचे होते?

त्या संध्याकाळीं दिल्लींत प्रथम काय कुजबूज उठली, ठाऊक आहे? मारणारा मुसलमान आहे अशी. रेडिओवरून तो हिंदु असल्याचें मुद्दाम सांगितलें गेलें, म्हणून हजारो मुसलमान वांचले. तीच आग मग महाराष्ट्रांत दुसऱ्या दारांकडे वळली. पुणें, मुंबई, नागपूर, सातारा, कोल्हापूर, सर्वत्र ब्राह्मणांचीं घरें व दुकानें फुटलीं, जळलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. मुंबईंत सावरकरांचे धाकटे बंधु डॉ. नारायणराव यांना जमावानें दगडांनीं ठेंचलें. ते पुढच्या वर्षीं वारले. जाळणाऱ्यांपैकीं कोणी जोतिरावांचें नांव घेतलें असेल, तर त्यानें जोतिरावांचें एक पानही वाचलें नव्हतें. १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला तो भटशाहीचा हिशेब कागदावर आणि शाळेंत चुकता करण्यासाठीं, कोणाच्या माजघरांत रॉकेल ओतण्यासाठीं नव्हे. आणि त्या आगीनें साधलें काय? खुनाची गोष्ट निघाली कीं लगेच जळलेल्या घरांची गोष्ट पुढें येते, आणि खुनाचा विचार तेथेंच थांबतो. कटवाल्यांना इतकी मोठी ढाल दुसरी कोणीं दिली नसती.

"नेहरू-पटेलांनींच मारविलें" म्हणणाऱ्यांस मात्र आम्ही थोडें निराळें उत्तर देऊं, कारण त्यांच्या खोट्यांत एक दाणा खऱ्याचा आहे. सरकारनें मारविलें नाहीं, पण सरकार झोंपलें होतें. २० जानेवारी १९४८ रोजीं त्याच बिर्ला भवनांत स्फोट झाला आणि मदनलाल जागच्या जागीं पकडला गेला. त्याच्या बोलण्यांत पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या चालकाचा उल्लेख आला. तिकडे मुंबईंत प्रोफेसर जैन यांनीं, मदनलाल आपल्याजवळ काय बोलला होता, तें दुसऱ्याच दिवशीं गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानीं घातलें. पुण्याच्या पोलिसांना 'अग्रणी'चा संपादक ठाऊक नव्हता काय? तरी नथुराम आणि आपटे कानपुरावरून मुंबईस आले, मुंबईहून विमानानें पुन्हा दिल्लीस गेले, ग्वाल्हेरीस जाऊन पिस्तूल घेऊन आले, आणि दहा दिवस त्यांस कोणीं हटकलें नाहीं. आमच्या गांवांत दोन शेळ्या चोरीस गेल्या तर फौजदार फासेपारध्यांच्या पालावर त्याच रात्रीं जातो. पुण्याच्या छापखान्यावर जावयास मात्र त्याला दहा दिवस पुरले नाहींत! हलगर्जी आणि कट या दोन वस्तु आहेत. पण हलगर्जीही जात आणि इभ्रत पाहून होते, एवढें आम्हांस अनुभवानें कळतें.

या गोष्टी चव्हाट्यावर कशा आल्या तेंही सांगण्यासारखें आहे. गोपाळ गोडसे व करकरे १९६४ च्या ऑक्टोबरांत सुटले. १२ नोव्हेंबरास पुण्यांत त्यांच्या सुटकेचा समारंभ झाला, आणि तेथें लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले कीं, हा बेत आपणांस अगोदरपासून ठाऊक होता. त्यावर देशभर गिल्ला झाला आणि शेवटीं १९६६ सालीं न्यायमूर्ति कपूर यांचें कमिशन बसलें. तें १९६९ पर्यंत चाललें. पोलिसांच्या गफलतीवर त्यानें ठपका ठेवला. सावरकरांविषयींही लिहिलें. येथें आमच्या लोकांनीं नीट तोलून बोलावें. माफीचा साक्षीदार बडगे यानें सावरकरांविरुद्ध सांगितलें, पण त्याच्या सांगण्यास स्वतंत्र दुजोरा मिळाला नाहीं म्हणून आत्माचरणांनीं १० फेब्रुवारी १९४९ रोजीं त्यांस निर्दोष सोडलें, आणि सरकारनें त्यावर अपील केलें नाहीं. पुढें कपूर कमिशननें सावरकरांचा अंगरक्षक व चिटणीस यांचे पोलिसांपुढचे जबाब पाहिले. खटल्यांत त्या दोघांस साक्षीस बोलाविलेंच नव्हतें. हे सर्व पाहून, सावरकर व त्यांच्या गटाच्या कटाशिवाय दुसरी उपपत्ति टिकत नाहीं, असें कमिशननें लिहिलें. कमिशन म्हणजे कोर्ट नव्हे. सावरकर तोंवर, फेब्रुवारी १९६६ मध्यें, वारले होते व उत्तर देऊं शकत नव्हते. म्हणून "कोर्टानें दोषी ठरविलें" असें कोणी म्हणेल तर तें खोटें. आणि "कोर्टानें सोडलें, आतां बोलूं नका" असें कोणी दटावील तर कमिशनचा अहवाल सरकारनेंच छापलेला आहे, तो त्याच्यापुढें ठेवावा.

हीं मोठ्यांचीं नांवें झालीं. आमच्या वाचकांस दोन लहान नांवें सांगतों. गोळ्या झाडल्यावर खुन्यास धरणाऱ्यांत बिर्ला भवनाचा माळी होता, रघु नाईक, ओरिसाचा. बाग राखणारा माणूस पिस्तुलावर धांवून गेला. त्याची तसबीर कोणत्या चावडींत आहे? दुसरा तो शंकर किस्तय्या. पुण्यांत शस्त्रभांडार चालविणाऱ्या बडग्याचा हा नोकर. मालक सांगेल तें ओझें वाहणारा. मालकानें माफी मागून साक्ष दिली आणि तो सुटला. नोकरास पहिल्या कोर्टानें जन्मठेप दिली. जून १९४९ मध्यें सिमल्यास हायकोर्टानें त्याला निर्दोष ठरविलें, तोंवर सव्वा वर्षाहून अधिक काळ तो कोठडींत होता.

आणि हें सर्व जुनें झालें असें कोणी म्हणूं नये. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. फेब्रुवारी २०१५ मध्यें कोल्हापुरांत कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजीं लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांस जन्मठेप झाली, इतर तिघे सुटले, आणि यामागचे सूत्रधार निराळे असून ते शोधण्यांत तपास कमी पडला, अशा अर्थाचें खुद्द न्यायाधीशांनीं म्हटलें. येथें खरोखर एक न सुटलेला प्रश्न पडला आहे. चौथ्या गोळीसाठीं सत्तर वर्षांनीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्यांनीं या सूत्रधारांसाठीं किती अर्ज केले, तें त्यांनीं जाहीर करावें. आमच्या या पत्रांत आम्ही त्यास पूर्ण जागा देऊं.