जत्रेची रजा

शनिवारी सकाळी नऊच्या आत कुणी फोन केलेला मला मुळीच खपत नाही. या शनिवारी सातलाच भाच्याचा फोन आला, कर्जतच्या रिसॉर्टवरून. कंपनीने सगळ्यांना 'टीम बिल्डिंग'ला नेलं होतं. एकाच रंगाचे टीशर्ट, पाठीवर 'आपण एक कुटुंब', आणि नाश्त्याआधी रस्सीखेच. "मामा, समोरच्या बाजूला कोण होता माहितीये? माझं इन्क्रिमेंट अडवणारा मॅनेजर!" मी म्हटलं, मग जोर लावलास की नाही? तर म्हणे, "पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे."

कंपन्या घाबरल्यात, तेही खरंच. गॅलप ही अमेरिकन संस्था दरवर्षी जगभरच्या नोकरदारांचं कामात मन आहे का ते मोजते. 2023 साली 23 टक्के लोकांचं होतं, 2024 साली 21. मॅनेजरांचं 30 वरून 27 वर घसरलं. तिच्या प्रश्नावलीत 'ऑफिसात जिवलग मित्र आहे का' असाही एक प्रश्न असतो. भाच्याला होता. तो गेल्या दिवाळीत बंगळुरूला गेला.

दुपारी पुन्हा फोन. प्रशिक्षकाने पडद्यावर मुंबईच्या डबेवाल्यांचा फोटो लावला होता. आता मात्र माझं डोकं सणकलं. हे व्याख्यान मी बँकेत ऐकलंय, सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकलंय, एका वधू-वर मेळाव्यातही ऐकलंय. हार्वर्डने अभ्यास केला, 2003 साली प्रिन्स चार्ल्स भेटून गेले, झालं, टाळ्या.

पण डबेवाला कुणाचा नोकर नाही, हे कुणी सांगतच नाही. मुकादमाचा गट असतो, आणि खर्च वजा जाता महिन्याची कमाई गटात जवळपास सारखी वाटली जाते. कामावर टोपी नसेल तर दंड, पण तो नियम त्यांचा त्यांनीच केलेला. माणसं बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची, एकमेकांच्या गावची नाहीतर नात्यातली. 1890 पासून हे चाललंय, एकाही टीशर्टाशिवाय. भाच्याने प्रशिक्षकाला विचारलं, "सर, आपल्याकडेही वाटणी सारखी करायची का?" सर म्हणाले, चहा तयार आहे.

आणि चैत्रातल्या सुट्टीबद्दल तर अवाक्षर नाही! ग्रामदैवतांच्या जत्रा आल्या की डबेवाले सगळे मिळून आठवडाभर गावी जातात. सगळे. 'अर्जंट असेल तर फोनवर आहे' वगैरे भानगड नाही. इकडे माझा भाचा स्वतःच्या हळदीला मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. मीटिंग होती म्हणून तोंडाला हळद लावू दिली नाही. बायकांनी पायांवर भागवलं. कंपनीने त्याला त्या वर्षी 'उत्कृष्ट सहकारी' म्हणून फुलदाणी दिली. ती आमच्या बहिणीकडे टीव्हीवर आहे, आत रिमोट ठेवतात.

आमच्या जिन्यातल्या काकू दर चैत्रात कुरकुरतात, त्यांच्या यजमानांना आठवडाभर कँटीनचं खावं लागतं. पण डबेवाला बदलायचं कधी त्यांच्या मनात आलं नाही. यंदा तो गावाहून परतल्यावर मी जिन्यात गाठून विचारलं, "आठवडाभर धंदा बंद, गिऱ्हाईक तुटत नाही?"

"तुटलं तर समद्यांचंच तुटंल की, साहेब. माझ्या एकट्याचं थोडंच?"

आणि काकूंचं दार वाजवून त्याने मागच्या महिन्याचे राहिलेले पैसे मागितले.