पाणचक्की आणि पाण्याचा हिशेब

महाराष्ट्रात पाणचक्कीचा विषय निघाला की तो छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जाऊन पोहोचतो. खाम नदीकाठी, सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. प्रचलित नोंदीनुसार तिचे काम १७४४ मध्ये पूर्ण झाले. येणारा पर्यटक बहुधा चाक पाहून परततो. आमच्या मते तिचा इतिहास काही किलोमीटर दूरच्या डोंगरातील झऱ्यापासून वाचायला हवा. तेथील पाणी भूमिगत नहरीने, मातीच्या नळांतून आणले गेले आणि उंच भिंतीवर चढवून खाली सोडले गेले. त्याच पाण्याच्या जोरावर पात्यांचे चाक आणि त्याला जोडलेले जाते फिरे. बाहेरच्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तेथे गारवा राहतो.

जात्यावरच्या ओव्यांमुळे पहाटे दळणाऱ्या बाईचे कष्ट मराठी वाचकाला परिचित आहेत. येथे ते कष्ट पाण्याने उचलले, आणि पीठ दर्ग्यातील फकिरांच्या व यात्रेकरूंच्या मुखी गेले. पाणी कोठून आले आणि दळण कोणासाठी झाले, ही दोन्ही उत्तरे या एका वास्तूत सापडतात.

चौकमध्ये राहून हे लिहिताना तोच हिशेब आम्हांला आमच्या परिसरालाही लावावासा वाटतो. जवळच्या खोपोलीत १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेले पाणी नळांतून घाटाखाली उतरले आणि त्याने फिरवलेल्या चाकांवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. आमच्या शेजारच्या मोरबे धरणाचे पाणी आज नवी मुंबईला जाते. शहरांनी पाणी वा वीज घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या डोंगराचे पाणी, त्याच्या पायथ्याच्या गावाला त्यातून काय मिळाले, हे स्थानिक इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

वारशाची आपली चर्चा मात्र चाकापाशीच थांबते. नहर बुजली, झरा आटला, तर जतन केलेले चाक केवळ प्रदर्शनातील वस्तू ठरेल. जतन करायचे असेल, तर झऱ्यापासून पिठापर्यंतची सगळी वाट करावी लागेल.