विवाहाचें औषध

"एकदां लग्न झालें कीं सगळें ताळ्यावर येईल," हें वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून अद्यापि ऐकूं येतें, आणि तें बोलणारे लोक अडाणी नसतात, हीच खेदाची गोष्ट होय. घरांत कोणास मधुमेह झाला तर साखरेचे आंकडे पाहुण्यांसमोर मांडून बसणारी ही मंडळी, मुलीस द्विध्रुवी मनोविकार आहे असें डॉक्टरांनीं सांगतांच त्याचें नांवही घरांत उच्चारूं देत नाहींत. औषधाची चिठ्ठी कपाटाच्या तळाशीं जाते आणि पत्रिका वधूवरसूचक मंडळाकडे.

हा विकार म्हणजे स्वभावाचा लहरीपणा नव्हे. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोवैद्यानें १८९९ सालीं उन्माद आणि विषाद हीं एकाच रोगाचीं रूपें म्हणून मांडलीं. उन्मादाच्या भरांत माणूस दोन-तीन तास झोंपून ताजातवाना उठतो, अखंड बोलतो, ठेवी मोडून नव्या धंद्यांत पैसा ओततो. आणि घरचे कौतुकानें म्हणतात, काय हा उत्साह! पुढें तोच माणूस अंथरुणांतून उठून दांत घांसण्यासही असमर्थ होतो, तेव्हां त्यास आळशी ठरविण्यांत येतें. (दोन्ही अभिप्राय देणारे बहुधा एकच मामा असतात.)

आतां रोग लपवून मुलीचें लग्न केलें म्हणजे काय होतें तें पाहूं. लग्नघरांत चार-पांच रात्रींचें जागरण घडतें, आणि झोंपमोड म्हणजे उन्मादास प्रत्यक्ष आमंत्रण. सासरीं गोळ्या कोणाच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून त्या आधीं अनियमित होतात व मग बंद पडतात. जी लिथियम घेत आहे तिच्या रक्तांतील त्याचें प्रमाण वरचेवर तपासावें लागतें, कारण गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडें असतें. शरीरांतील पाणी कमी झालें कीं तें प्रमाण चढतें. अशा सुनेकडून हरितालिकेचा निर्जळी उपवास करविणाऱ्या सासूस दोष तरी कसा द्यावा? तिला कोणी सांगितलेंच नाहीं! पुढें गर्भारपण. व्हॅल्प्रोएट हें औषध गर्भास अपायकारक, म्हणून तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें आधींच बदलावें लागतें. आणि बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे तर या रोगांत विशेष धोक्याचे. त्या आठवड्यांत माहेरच्या मौनाची किंमत एक बाळंतीण आणि तिचें तान्हें मूल भरीत असतें.

"खरें सांगितलें तर मुलीस कोण पत्करील?" हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. कांहीं स्थळें निश्चित हातचीं जातील. परंतु लपवून जुळविलेलें स्थळ टिकतें काय? १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें बारावें कलम, महत्त्वाच्या गोष्टीविषयीं फसवून मिळविलेली संमति हें विवाह रद्द करविण्याचें कारण मानतें. उलट, केवळ मनोविकार आहे एवढ्यावरून घटस्फोट मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालींच स्पष्ट केलें आहे. मुलाच्या बाबतींत वडीलमंडळी याहूनही निर्ढावलेली. तेथें आजार लपविणें हा वरपक्षाचा मानपानच समजला जातो.

बरें, रोगास उपाय नाहीं असेंही नाहीं. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरानें उन्मादाच्या १० रोग्यांना लिथियम देऊन आलेला अनुभव १९४९ सालीं प्रसिद्ध केला. तें औषध आजही पहिल्या पंक्तींत आहे. के रेडफील्ड जॅमिसन या अमेरिकन विदुषीस स्वतःस हा रोग. त्या मनोवैद्यकाच्या प्राध्यापक झाल्या आणि १९९५ सालीं त्यांनीं आपली हकीकत नांवानिशीं छापली. गोळ्या सोडल्याचे भोगही त्यांनीं त्यांत लपविले नाहींत.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं यंदा स्थळें पाहाणें चाललें असेल त्यांनीं पत्रिका पाठविण्यापूर्वीं मुलीस विचारावें, कीं हा आजार कोणी, केव्हां आणि कोणत्या शब्दांत सांगावा. आणि ती जर म्हणाली, मला इतक्यांत लग्नच करावयाचें नाहीं, तर तेंही ऐकून घ्यावें.