किंमत नंतर विचारा, आधी बंदूक वाचा

बीजीएमआयमध्ये मिरामारच्या नकाशावर 'विन९४' उचलणाऱ्या पोरांना विंचेस्टर कशी चालते ते सांगावं लागत नाही. ट्रिगरभोवतीचा लोखंडी कडा खाली ओढून वर घेतला की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. हीच लिव्हर ॲक्शन. त्याच पोरांना घरातल्या पणजोबांच्या बंदुकीबद्दल विचारा. उत्तर ठरलेलं: "अँटीक आहे, लाखात जाईल."

माझं भांडण या 'लाखात'शी आहे. मी मेहकर तालुक्यातला, पोटासाठी पुण्यात कोड लिहितो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात रोही-डुकरांपासून पीक राखायला घेतलेल्या ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुका काही घरांत अजून आहेत. एखाद्या जुन्या वाड्यात शिकारीची परदेशी रायफलही निघते. सगळ्यांना तिचा भाव हवा असतो, तिची ओळख कुणालाच नको असते.

ओळख म्हणजे काय? विंचेस्टरवर 'मॉडेल १८९४' लिहिलंय म्हणून ती १८९४ची होत नाही. ते जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनचं साल. कारखान्यात ते मॉडेल २००६पर्यंत बनत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉडेल म्हणजे व्हर्जन, सिरियल नंबर म्हणजे बिल्ड. तारीख बिल्डला असते. नळीवरच्या पेटंटच्या तारखाही जन्मतारखा नव्हेत. नळी '.३० डब्ल्यूसीएफ'ची असेल, तर ते काडतूसच १८९५मध्ये बाजारात आलं.

आपल्याकडच्या इंग्रजी बंदुकांचंही तसंच. नळीवर कलकत्त्याच्या 'मँटन'चं नाव असलं तरी ते विकणाऱ्याचं असू शकतं. बर्मिंगहॅमचा मुकुटाखाली 'एनपी' असा शिक्का १९०४च्या नियमांपासूनचा. तो सांगतो की नळी बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे.

आणि आपण काय करतो? दसऱ्याच्या पूजेआधी पॉलिश पेपर मारून हेच शिक्के घासून काढतो. बंदूक चकचकीत होते, मुकी होते. वर संग्राहकाच्या लेखी तिची किंमतही पडते.

भावाचं गणितही पोकळ आहे. अमेरिकेतल्या लिलावाचे डॉलर रुपयांत बदलून हाती काही लागत नाही. इथे घेणाऱ्याकडे लायसन्स हवं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात बसली, तर ती परदेशी विकायची सोयही नाही. 'अँटीकला लायसन्स लागत नाही' ही तर निव्वळ थाप. शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमातली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारासाठी आहे.

कुणी म्हणेल, शिकारीच्या बंदुकीचं एवढं कौतुक कशाला? कौतुक नाहीच. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबवली, ते बरंच झालं. २०१९मध्ये टिपेश्वरचा वाघ शेकडो किलोमीटर चालत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा जिल्हाभर बातमी झाली. वाघ येणं ही बातमी का झाली, याची साक्ष याच बंदुका देतात. कोणत्या सालची, कुठे बनलेली रायफल कोणाच्या घरी आली, हे कळलं तर रान कुणी रिकामं केलं याचाही माग लागतो. सिंदखेडराजाचा इतिहास आपण छाती फुगवून सांगतो, पणजोबांचा मात्र भंगारात काढतो.

लायसन्सदार वारला की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसानं अर्ज केला नाही, तर ती हातची जाते आणि तिच्याबरोबर ही साक्षही. म्हणून मागणी साधी आहे. जमा झालेलं जुनं हत्यार मोडीत काढण्याआधी प्रशासनानं त्यावरचे सगळे शिक्के आणि नंबर फोटोसकट नोंदवावेत. आणि तुमच्या खिशातल्या फोनला चांगला कॅमेरा आहे. बंदूक रिकामी आहे याची लायसन्सदाराकडून खात्री करून घ्या, नळीचे, बॉडीचे, शिक्क्यांचे फोटो काढा, आजीला विचारून ती कुणी, कधी आणली ते लिहून ठेवा. आजी आहे तोवरच.